पंधरावी नोंद

वनरक्षक शेषेराव कांदे यांच्या वहीत
यंदाचे चौदा वणवे,
आणि चौदांपुढे, कारण : अज्ञात.

मांडवीच्या पुढे, सागाच्या रानात
मी विद्यापीठातून आणलेला नकाशा उघडते,
चार कोपऱ्यांवर चार खडे.
उपग्रह भर दुपारी इथून जातो,
धग दिसली तर तांबडा ठिपका ठेवतो.
ठिपका पावणेचारशे मीटरचा.
त्यात नाला बसतो, टेकाड बसतं.

लेतुबाई मडावी एका ठिपक्याच्या मधोमध
मोहफुलं वेचत बसलेली.

प्रश्न सातवा : आग कोण लावतं?
"पाला कोण पाडतं?" ती विचारते.
मी पर्याय वाचते. अ, ब, क, इतर.
ती एक फूल चोखून टोपलीत टाकते.
"पाल्यात फूल दिसंना, म्हणून बुडातलं तेवढं जाळायचं.
आई जाळायची, मी जाळते.
भडकली की आख्खा गुडा धावायचा फांद्या घेऊन."
आणि आता?
"आता विझवाया गेलेल्याचं नाव लिहून घेतेत."

शोधनिबंधाचे दोनशे संदर्भ वाचले होते मी.
हे एकातही नव्हतं.

दिवस कलला तसा नाल्यापलीकडून धूर.
तिनं जांभळीची ओली फांदी मोडली,
दुसरी माझ्या हातात दिली,
काही सांगितलं नाही.
बडवत राहिलो. माझी एक भुवई गेली.
ती वाऱ्याकडं पाठ करून, मी चुकून तोंड करून.
कमरेचं यंत्र चालूच राहिलं होतं.

रात्री विश्रामगृहात माझी वाट पडद्यावर उतरली :
आगीच्या कडेकडेनं वेडेवाकडे फेरे,
मधे थांबे, पुन्हा फेरे.
लावणाऱ्याचीही अशीच दिसली असती.

सकाळी कांदेसाहेबांनी वही पुढं केली.
"काल तिथं कोण होतं?"
मी होते.
ते हसले. "तुमचं चालतं हो."

हे "चालतं" कुठल्या रकान्यात टाकू?
म्हटलं, विझवणारे असा रकाना नाही का?
"कागद वरूनच तसा येतो, मॅडम."
मग खिशातली पट्टी त्यांनीच काढून दिली,
आणि खिडकीबाहेर बघत राहिले,
मी उभी रेघ मारेपर्यंत.

रेघ जराशी तिरकी आली.
तळव्यावर फोड होता.