पाहुण्यांच्या सपाता

ग्राझहून सुटलेली गाडी श्पीलफेल्डला थांबली
आणि थांबूनच राहिली.
समोरच्या बाईने सफरचंद कापलं, अर्धं मला दिलं,
का थांबलोय ते तिलाही ठाऊक नव्हतं.
पाठपिशवी अकरा किलो, वय बावन्न,
पासावर उरलेले दिवस चार.

व्हिएन्नात हान्नेस नावाच्या पोराने दार उघडलं
तेव्हा माझ्यामागे आणखी कुणी, कुणी तरुण,
उभं आहे का ते वाकून पाहिलं त्याने.
मग हसला. सोफा उलगडून दिला.
त्या सोफ्यात एक स्प्रिंग होती बरगडीशी बोलणारी.
तिचं ऐकलं रात्रभर.
फुकटच्या अंथरुणात
कूस बदलायची तीही हळूच.

मारिबोरला स्ताने स्वतः फलाटावर आलेले,
हातात पुठ्ठा, पुठ्ठ्यावर मी –
वैजयंतीतलं एक अक्षर गाडीखाली गेलेलं.
छत्तीस वर्षं सिग्नल दिले होते या माणसाने.
हात पुढे केला नाही, घड्याळ पुढे केलं.
म्हणाले, एकोणीस मिनिटं.
जणू मीच उशीर केला होता.

दाराशी खाली बोट.
फळीवर सपातांची रांग:
त्यांच्या, मुलीच्या, कुणा नातवाच्या एवढ्याशा,
आणि पाहुण्यांच्या करड्या, लोकरीच्या,
कितीजणांच्या टाचांनी दबलेल्या.
माझा हात चुकून निळ्या जोडाकडे गेला.
त्या नाही, म्हणाले.
आमच्यात एक मोडकी भाषा होती,
दोघांच्याही मालकीची नसलेली.
त्या भाषेत एवढं पुरेसं होतं.

रात्री कुट्टूच्या पिठाची उकड,
वर आंबट साय.
उकड म्हणजे काय ते मी हाताने ढवळून सांगितलं,
त्यांनी मान डोलावली, दुसऱ्यांदा वाढली,
आणि खिडकी उघडून
एक मालगाडी जाऊ दिली.
डबे मोजले असणार. ओठ हलत होते.

सकाळी म्हणाले, प्तुयला येतेस?
मला वाटलं किल्ला दाखवतील.
किल्ला दिसला, दुरून, बसमधून.
उतरलो ते एका लांबट पिवळ्या इमारतीपाशी,
जिथे प्रत्येक दारावर फोटो लावलेला –
ज्याचं त्याला आपलं दार सापडावं म्हणून.

झोफ्का खिडकीशी बसली होती.
नवऱ्याकडे तिने पाहुण्याकडे पाहावं तसं पाहिलं,
जरा सावरून बसली.
मग माझ्याकडे. मग माझ्या चिखलाच्या बुटांकडे.
काहीतरी विचारलं.
स्तानेंनी ते मोडक्या भाषेत आणून दिलं:
कुठल्या गाडीने आलीस?
मी कालची सांगितली, ग्राझची, सव्वाअकराची.
ती? ती कायम उशिरा येते, झोफ्का म्हणाली.
स्ताने ताठ झाले.
माझ्या वेळी नाही.
तुमच्या वेळी तर जास्तच.
आणि मग ते भांडले,
बोटांवर स्टेशनं मोजत, आवाज चढवत,
कुठल्या हिवाळ्यात कुठला रूळ तडकला होता,
दार ढकलून नर्स डोकावली आणि परत गेली.
मला कुणी भाषांतर करून दिलं नाही.
मी बशीतली बिस्किटं खात होते.

परतताना बसमध्ये ते गप्प.
एका थांब्यावर फक्त म्हणाले:
हिवाळा तिने बरोबर सांगितला. मी चुकलो.

निघायच्या दिवशी करड्या सपाता
मी फळीवर ठेवल्या बाहेर तोंड करून,
आमच्याकडची खोड.
त्यांनी वाकून त्या आत वळवल्या.
गुडघा वाजला.
निळ्या जोडावरची धूळ
बाहीने पुसली त्याच वाकण्यात,
आणि किल्ली शोधू लागले, जी त्यांच्या हातातच होती.

गाडी वेळेवर सुटली.
त्यांनी घड्याळ पाहिलं,
पुन्हा पाहिलं,
आणि हात हलवायचा राहून गेला.