अकरा नंबरचा बावटा

सत्तावीस वर्षं मी हर्णै बंदरात बावटे चढवले.
दिवसा काळे शंकू, काळी पिंपं, रात्री दिवे,
लाल कुठला वर, पांढरा कुठला खाली,
झोपेत विचारलंत तरी सांगेन.
म्हणून चिपळूणला डॉक्टर रखांगी
बोटांवर मोजायला लागल्या तेव्हा
मला, खरं सांगतो, हसू आलं.

वय साठच्या पुढे. एक.
रक्तातलं ते तीन अक्षरांचं काहीतरी चढलेलं. दोन.
गाठी छातीच्या पडद्याच्या वर, आणि खालीही. तीन.
जठरात आहे, पण गाठींबाहेर तेवढी एकच जागा,
ती धरायची नाही.
आणि तुम्ही चालत आलात ना, काका?
एसटी स्टँडपासून, म्हटलं, मधे चहाला थांबलो तेवढंच.
मग तीनच.

तीन नंबर म्हणजे आमच्यात
बंदरावर वाऱ्याचे झोत येण्याचा संभव.
होड्या आत घ्या, दोर तपासा.
वादळ येईल असं त्यात कुठे लिहिलेलं नसतं.

रत्नप्रभा पिशवीचे बंद सोडत होती, बांधत होती.
म्हणजे किती, तिने विचारलं.
डॉक्टर जरा थांबल्या. पोर तिशीतली, डोळे न चुकवणारी.
तुमच्यासारख्या शंभरातले साठेक
तीन वर्षांनी असतात, म्हणाल्या.
काका त्यातले कुठले, हे मला सांगता येत नाही.
मी मान हलवली. मला कळलं ते.
मी जर चावडीवर सांगितलं असतं
की शंभर होड्यांतल्या साठ परततील,
तर रमाकांत चोगले पहिला उठून विचारता,
माझी कितवी?

एका आश्विनात मी आठ नंबर चढवला होता.
सगळ्या होड्या आंजर्ल्याच्या खाडीत.
तीन दिवस समुद्र तेलासारखा, ऊन असं की डांबर पातळ व्हावं.
चौथ्या दिवशी बाजारात मला कोणी सुरमईचं शेपूटही विकेना.
आणि एका फाल्गुनात काठी रिकामी होती,
वरून काही आलंच नव्हतं,
त्या रात्री रमाकांतची ‘हिराबाय’ गेली.
चार माणसं. एक फळी केळशीला लागली.
तो मला कधी काही बोलला नाही.
तेच अजून बोलतं.

दोन डोस झाले. लाल औषध, त्यानंतर लघवीही लाल,
केस उशीवर, जिभेला पितळ.
मग कोल्हापूरला नेऊन साखर टोचून फोटो काढला,
गाठीत अजून काही जळतंय का बघायला.
या फोटोवर पुढचं पुष्कळसं ठरतं म्हणे.
रिपोर्ट सोमवारी येणार होता. आज गुरुवार.
रखांगींचा फोन लागत नाही,
आमच्या पाखाडीत रेंज नारळाच्या शेंड्यावर.

काल रात्री मी रत्नप्रभाला अकरा नंबर सांगितला.
लग्नाला चाळीस वर्षं झाली, हा एक सांगायचा राहिला होता.
दहापर्यंत वादळाचे नंबर. अकरा वादळाचा नाही.
अकरा म्हणजे तार तुटली,
हवामान कचेरीकडून काही कळत नाही,
आता बंदरावरच्या माणसाने
आपल्या डोळ्यांनी आभाळ बघावं आणि लक्षण वाईट वाटलं
तर आपल्या जबाबदारीवर चढवावा.
तुम्ही कितीदा चढवलात?
एकदाही नाही. पिंपांना तेल तेवढं द्यायचो.

ती उठली, दिवा न लावता,
माझ्या मानेवर उजवीकडे बोटं ठेवली,
सुपारीएवढी होती तिथे.
बराच वेळ.
लहान लागते, म्हणाली.
तुझी बोटं जाड झाली असतील.
असतील, ती म्हणाली, आणि हात काढला नाही.

सकाळी बघतो तर
तिने मांडवावर बोंबील टांगलेत, दोन ओळी पुऱ्या,
निदान चार दिवसांचं ऊन लागणारे.
आभाळ? आभाळ मी विचारलं नाही.