बिटको, प्रेस, जेलरोड

नाशिकरोडला ‘प्रेसमध्ये आहे’ म्हटलं
की लोक पुढचं काही विचारत नाहीत, स्थळ सुचवतात.
वडील तसे प्रेसमध्ये. एकतीस वर्षं, मोजणी विभाग.
गेटवर रोज खिसे उलटे करून दाखवायचे, मग घरी यायचे.
मी नुसतीच प्रेस:
आठ पानांचं साप्ताहिक, शालिमारला दुसरा मजला,
खाली चपलांचं दुकान.

मार्चमध्ये टँकरची बातमी छापली.
कागदावर किती, रस्त्यावर किती.
जूनमध्ये दावा आला. एका माणसाची अब्रू, पाच कोटी.
अब्रूचे भाव इतके चढलेत
हीसुद्धा आमचीच बातमी होती, हुकली.

थोकोझानी आमच्या वरच्या खोलीत भाड्याने,
मलावीची, फार्मसीचं तिसरं वर्ष.
गंगापूर धरण दाखवलं तर हसली,
त्यांच्या तळ्याचा पलीकडचा काठ दिसत नाही म्हणे.
भाऊ ब्लांटायरला बातम्या लिहितो.
लिहायचा.
आता सोमवार-गुरुवार ठाण्यावर सही करतो.

त्याच्यावरचं कलम तिने फोनमधून मोठ्याने वाचलं.
निकुंभ वकील बशीत चहा ओतत होते, थांबले,
आणि उरलेलं वाक्य त्यांनी न बघता म्हटलं.
तिने फोनकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे.
जवळजवळ तेच.
“आम्हाला परीक्षेला होतं,” ते ओशाळून म्हणाले,
“शिंपी एकच ना. माप कुणी घेतलं होतं?”

ती सांगते, नाशकात आली त्या दिवशी
बसमध्ये कंडक्टर ओरडत होता,
तिला त्यातले दोनच शब्द कळले,
प्रेस, आणि लगेच, जेल.
इतकं उघड? तिला वाटलं.
इथे तर थांबासुद्धा आहे.

रात्री वडिलांनी दाव्याचे कागद मागितले.
वाचायला नाही.
शंभराच्या स्टॅम्पपेपरवरचं प्रतिज्ञापत्र तेवढं उचललं,
ट्यूबलाइटसमोर धरलं,
अंगठ्याने कड चाचपली, एकदा वरून, एकदा खालून,
मोजून झाल्यावर धरायचे तसं.
“कागद खरा आहे,” म्हणाले. “आपल्याकडचाच.”
घडी घालून परत दिला.

जिन्यापाशी थांबले.
“आणि तुझे टँकर?
तू स्वतः मोजलेस?”

“तीन रात्री, आण्णा. दोनदा.”

“मग झोप आता,” म्हणाले,
आणि सवयीने
आपलेच दोन्ही खिसे चाचपत
आत गेले.