नऊ पावलं

आमच्यात माणूस मांडी घालून जातो.
त्याचा खड्डा त्याच्याच पावलानं मोजायचा:
सुतळी टाचेपासून अंगठ्यापर्यंत ताणायची,
नऊ पावलं लांब, पाच रुंद,
आत कोनाडा, कोनाड्यात बेल, विभूती, मीठ.
आज्यानं मोजलं, बापानं मोजलं.
तासगावच्या अंगानं खाली येरळेपर्यंत
कुणाचं पाऊल केवढं, मला तोंडपाठ आहे.

म्हणून पांढरीवर उकरायला मला बोलावलं.
पुण्याच्या बाई. आडनाव उकिडवे, बसायच्याही तशाच,
हातात ब्रश, डोक्यावर ओला टॉवेल.
म्हणाल्या, शिवगोंडा, ओळंब्याशिवाय
भिंत एवढी सरळ येते कशी?
म्हटलं, आत बसणारा बोलत नाही,
पण वर चारशे माणूस बघत उभं असतं.

काळीत कुणी पुरत नाही, हे मी त्यांना सांगितलं.
काळी उन्हाळ्यात तोंड वासते, कोपरापर्यंत हात जाईल अशी भेग,
पावसाळ्यात फुगून मिटते.
आत ठेवलेलं सरकवते, वर्षाला बोटभर.
पांढर हलत नाही.
राखेची, शेणाची, पडक्या भिंतींची माती,
माणसं राहून राहून झालेली.
बाईंनी ते वहीत लिहून घेतलं, माझं नाव घालून.

त्यांनी मला दुसरं सांगितलं.
वाळवंटातली मढी वाळूत सुकून तशीच राहायची,
नखं, केस, भुवयासुद्धा,
म्हणून तिथल्या लोकांना वाटलं, हा उठणार,
आणि उठल्यावर लागेल म्हणून
धान्य, गुरं, होड्या, सगळं आत घालून
वर दगडाचे डोंगर रचले.
आपल्याकडं नदी. नदी काही ठेवत नाही.
म्हणून आपण म्हणतो, गेला.

अकराव्या दिवशी सारवलेली जमीन लागली.
चुलीपासून हातभरावर
दोन रांजण, आडवे, तोंडाला तोंड लावून.
आतली हाडं मला आधी पाखराची वाटली.
सहा महिन्यांचं असेल, बाई म्हणाल्या,
आणि तीन हजार वर्षांपूर्वीचं.
घरातच पुरलेलं. निजायच्या जागेखाली.

मग थोरला लागला. उताणा, डोकं उत्तरेला.
सवयीनं मी सुतळी काढली.
घोट्याखाली काही नव्हतं.
पोटात धस्स झालं, म्हटलं माझ्याच कुदळीनं.
बाई म्हणाल्या, नाही हो. त्यांनीच तोडली.
पुरताना तोडत असत.
जाऊ नये म्हणून असेल.
असेल, असं दोनदा म्हणाल्या.
सुतळी खिशात परत घातली,
दिवसभर ती मांडीला टोचत होती.

रात्री गुरव्वाला सांगितलं.
रांजणाचं सांगणार नव्हतो, तेही सांगून गेलो.
ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही.
"चुलीजवळ," म्हणाली, "ऊब लागावी म्हणून."
मग भाकरी उलटून, तव्याकडंच बघत,
"आपली कुठं आहे आता?"

आपली नऊ दिवसांची होती. नाव ठेवायचं होतं.
तान्ह्याला सुतळी लावत नाहीत.
मी वितीनं मोजलं होतं, येरळेच्या काठाला, करंजाखाली,
वर ओळखीचा दगड.
तो काठ आता नाही.
बंधाऱ्यापासून वरती चार वर्षं रात्रीचे डंपर लागले,
करंज पडला, दगड गेला,
वाळू सांगलीला गेली, नव्या कॉलन्यांत,
चाळून, सिमेंटात कालवून.

मी म्हटलं, "घरातच आहे की.
कुणाच्या तरी फरशीखाली."

ती बराच वेळ काठवट धूत राहिली.
मग म्हणाली,
"त्या घरात चूल असेल का रं,
का नुसता गॅस?"