अडतीस टक्के

कंपनी म्हणते एकशे चाळीस.
मी म्हणते अठ्ठ्याऐंशी, तेही एसी बंद,
काचा दोन बोटं खाली,
आणि मागच्या सीटवर कुंद्याच्या डब्याखेरीज कोणी नाही.

बेळगाव ते कऱ्हाड. लेकीकडे.
बसनं गेलं तर दुपारचं जेवण तिच्या हातचं,
माझ्या वहीप्रमाणे रात्रीचं.
वही जुनी, आर.एम.एस.मधली,
पाठकोऱ्या पानांवर आता हा हिशेब:
वंटमुरीचा घाट चढताना अकरा टक्के खातो,
उतरताना दोन परत करतो
(माझ्या दिरांपेक्षा बरा म्हणायचा).
पुढं ताशी पंचेचाळीस. उसाची ट्रॉलीसुद्धा
हॉर्न मारून पुढं जाते. जाऊ दे.

निघायच्या आदल्या दिवशी फोन:
"पंधरा अँपिअरचा प्लग आहे का हो? अर्थिंग?"
पूर्वी कुणाकडं राहायला जायचं
तर नळाला पाणी कधी येतं ते विचारायचो.

साडेसहाला संकेश्वर. अडतीस टक्के.
नीलव्वाची पिठाची गिरणी, मागच्या भिंतीला प्लग.
"बर्री अक्का, कुंद्री," आणि पाटावर चहा.
चार तास इथं, चार तास कोल्हापुरात.
मधे कोगनोळीचा नाका, तिथं पाट्यांवरची लिपी बदलते.
गाडीला त्याचं काही नाही.
तिची हद्द तिच्यापाशी.

सात वाजून दहा मिनिटांनी करंट गेला.

पट्टा फडफडून थांबला. जातं थांबलं.
चार्जरचा हिरवा डोळा मिटला.
हे वहीत नव्हतं.
डबे घेऊन आलेली माणसं भिंतीला टेकली,
मीही टेकले. केसांवर सगळ्यांच्या सारखंच पीठ.

कुठल्या कुठल्या गावचे, विचारत गेले:
कमतनूर, अम्मणगी, निडसोशी.
एकतीस वर्षं ही गावं माझ्या हाताखालून गेली,
रात्रीच्या दिव्यात, लाकडी खणांत,
मराठीत, कन्नडमध्ये, कधी नुसत्या पुसट शाईत.
नावं पाठ होती. तोंडं आज बघत होते.

"मी हेब्बाळचा," ज्वारीवाला म्हणाला. भावकाण्णा.
हसून म्हटलं, "हेब्बाळ तर बंगळूरलाही आहे."
"व्हय की. आमची टपालं तिकडंच जायची.
फिरून फिरून यायची, दहा-दहा दिसांनी.
थोरल्याला मिलिट्रीचा कॉल आलता,
तारीख गेल्यावर तिसऱ्या दिवशी मिळाला."

मी विचारलं, कधीची गोष्ट.
त्यानं साल सांगितलं.
मी त्या साली रात्रपाळीला होते.
पिन पुसट असला, तालुका लिहिलेला नसला,
की हेब्बाळ म्हणजे बंगळूर. विचार नव्हता त्यात,
हात आपोआप वर जायचा, डावीकडून चौथा खण.

"मग?"
"मग काय. ट्रॅक्टर चालवतोय. दोन पोरं.
बरं हाय त्याचं."
त्यानं डब्यावरचं झाकण उगीच काढून परत बसवलं.
मला बोलायचं होतं. आपण कुठं कामाला होतो
एवढं तरी. बोलले ते एवढंच:
"कुंदा घ्या थोडा, लेकीसाठी नेतेय, खूप आहे."
त्यानं तळहात पुढं केला, पिठानं पांढरा,
आणि म्हणाला, तुमची गाडी आवाज करत नाही म्हणं.

नऊला करंट आला.
पट्टा धावला, पाट्यावरचे चहाचे पेले थरथरले.
त्याचा नंबर आधी लागला; डबा खांद्यावर घेऊन
तो मान हलवून गेला, मागं न बघता,
एवढ्या ओळखीत जितकं जायचं तितकं.

एकोणपन्नास. पन्नास.
लेकीचा फोन: "आई, पुढच्या वेळी बसनं ये गं."
"बघू," म्हटलं.

वही उघडली. कऱ्हाड, रात्री नऊ, खोडून पावणेदहा.
खाली, सवयीच्या अक्षरात, लिहिलं हेब्बाळ.
स्वल्पविराम.
तालुका हुक्केरी.