शिसपेनचं टिंब

अनगोळच्या आमच्या सोसायटीत
हॉलची वही एकोणीस वर्षं माझ्याकडे.
लाल कापडी पुठ्ठा, शहापुरात बांधून घेतलेली,
सुतळीला शिसपेन.
एका ओळीत हुंदरे मराठीत, खाली हिरेमठ कन्नडात,
मग फर्नांडिसबाईंची तिरकी इंग्रजी सही,
जिच्यापुढे तारीख कधीच नसायची.
मला सगळं वाचता यायचं.
कुणाचा हात थरथरायला लागलाय, तेही.

एकदा हुंदऱ्यांचं बारसं
आणि मुचंडींकडचं बाराव्याचं जेवण
एकाच रविवारी आलं.
भरमाण्णा हुंदरेनं आपलं नाव खोडलं,
बाजूला लिहिलं, 'आम्ही गच्चीवर करतो की.'
खोडलेलं तसंच दिसत राहिलं.
वहीचं हे मला फार आवडायचं.

आता फोनवर चौकोन आहेत.
हिरवा मोकळा, लाल गेला.
हिरेमठांच्या नातवानं बसवून दिलं.
भाषा ज्याची त्यानं निवडायची,
दुसऱ्याची दिसत नाही.
'काका, आता तुम्हाला त्रास नाही ओ.'

पहिल्याच आठवड्यात हॉल घेतला
तळमजल्यावरच्या कस्तुरीनं.
भाडेकरू. वडगावला मागावर जाते.
रविवार, पाच ते नऊ, पोरीचा वाढदिवस.
पैसे भरले, चौकोन लाल झाला,
कुणाला विचारायचं राहिलंच नाही.

किल्ली द्यायला गेलो तर म्हणाली,
'सहा वर्षं विचारते की ओ तुम्हाला.
रविवार कधी मोकळाच नसायचा.'
रागानं नाही.
दातात दोरा धरून फुगे बांधत होती.

घरी येऊन वही काढली.
रविवारांच्या कोपऱ्यात बारीक टिंबं.
माझीच खूण: हा ठेवायचा.
कुणाचा कुंद्याचा पुडा आलेला,
कुणाचा जावई बँकेत,
कुणी नुसतंच जिन्यात थांबून
'बघा की जरा' म्हणालेलं.
टिंब ना मराठी, ना कन्नड.
ते एकट्या मलाच वाचता यायचं.

साडेनऊला पोर आली वर, किल्ली घेऊन,
दुसऱ्या हातात कागदी बशी, केकचा तुकडा,
क्रीमवर तिच्या नावातलं एक अक्षर.
'आईनं हॉल झाडून काढलाय म्हणून सांगायला सांगितलंय.'

एरवी असलं मी वहीत लिहून ठेवायचो.
हात सुतळीकडं गेलासुद्धा.
फोनवर तोवर
चौकोन आपोआप हिरवा झाला होता.