मी धूरच विकते

पाच भट्ट्या उधारीवर दिल्या होत्या मी
केटाच्या चिंचोळ्या वाळूपट्टीवर.
एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खारं तळं,
मधे माड, मासळी
आणि डोळे चोळणाऱ्या बायका.

सहा महिन्यांनी हप्ते मागायला गेले.
पहिलीत कोंबडी बसली होती, नऊ अंड्यांवर.
मालकीण म्हणाली, हळू बोल.
दुसरीला कुलूप. आत जमिनीचे कागद,
नवऱ्याचा फोटो, मुलीच्या लग्नाचं कापड :
"उंदीर शिरत नाही अशी घरात एवढीच जागा, एसिनाम,
देव तुझं भलं करो."
तिसरी विकून झाली होती.
चौथीवरचं प्लास्टिकही निघालं नव्हतं,
पाहुण्यांना दाखवायची वस्तू ती.

पाचवी कोसिवाची.
कोसिवानं ती वापरली होती.
बरोबर तीन दिवस.

मी वही उघडली.
बाबांच्या वेल्डिंगच्या दुकानात रात्र रात्र जागून
काढलेले आकडे वाचले :
लाकूड निम्मं, धूर पाव.
ती जुन्या मातीच्या भट्टीवर तारल्या उलटत होती, एकेक,
बोटांना चटका ठाऊक नसल्यासारखी.
"झालं वाचून?
तुझ्या भट्टीतली मासळी पिवळी निघते.
तोगोहून येणारी बाई ती नखानं दाबते, हुंगते,
म्हणते, ही अजून आजारी आहे.
पोरी, तू धूर वाचवतेस.
मी धूरच विकते."

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात.
मी तेवढी शहाणी नव्हते,
म्हणून पहाटेपर्यंत तिच्या शेजारी बसून राहिले.
आधी सुकं लाकूड, मासा घट्ट होईतो.
मग नारळाची सोडणं, उसाचा चोथा,
वरून ओलं गोणपाट,
आणि मग काहीच न करता थांबायचं. हे सगळ्यांत अवघड.
चारच्या सुमारास रंग चढला :
तेल पिऊन पिऊन काळवंडलेल्या
नावेच्या तळाचा.
तिला खोकला लागला तो सूर्य वर आला तरी थांबेना.
तेवढं मात्र माझ्या वहीत बरोबर होतं.

दुकानात येऊन मी भट्टीला खाली सोडणांचा कप्पा केला,
वर धुराड्याला झडप.
लोटली की धूर मासळीपाशी,
उघडली की सरळ आभाळात.
बाबांनी हातोडा खाली ठेवला :
"दोन वर्षं धूर बाहेर काढण्यात घालवलीस,
आता परत आत बोलावतेस?"

अक्राहून अनुदानवाले साहेब आले.
त्यांच्या फॉर्मात रंगाला रकाना नव्हता.
"ग्राहकांना प्रशिक्षण द्या," म्हणाले, बुटातली वाळू झटकत.
मी हो म्हणाले.
प्रशिक्षण मला मिळालं होतं,
आणि कोसिवानं त्याची फी
हप्त्यातून वळतीही करून घेतली होती.

सहावी भट्टी तिनं घेतली नाही.
घेतली अब्लानं, जिच्याशी तिचं
बारा वर्षं बोलणं नव्हतं.
बाजाराच्या दिवशी दुपारच्या आत
टोपल्या रिकाम्या करून अब्ला कोसिवाच्या दारावरून गेली.
थोड्या वेळानं पुन्हा गेली,
काही काम नसताना.

दुसऱ्या दिवशी फोन :
"ही घेऊन जा. झडपवाली आण.
आणि निळी रंगव. अब्लाची हिरवी आहे ना?"

आता पट्टीवर एकोणीस आहेत.
प्रत्येकीच्या दारावर मी पितळी पट्टी ठोकली होती,
कंपनीचं नाव कोरून.
काजळीनं ती महिन्याभरात गिळली.
कुणालाही विचारा, भट्टी कुठली?
कोसिवाची, म्हणतात.
कोसिवाही तेच सांगते, माझ्यासमोर, नोटा मोजताना,
आणि मधेच खोकते.
पूर्वीपेक्षा कमी, असं मला वाटतं.
वहीत त्याला मीही
रकाना ठेवला नव्हता.